ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क: जंतू मारतो कोण?

ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क ‘नैसर्गिक जंतुनाशक’ म्हणून विकला जातो, त्याची सुरुवात बहुधा जेकब हॅरिच यांच्यापासून सांगितली जाते. ग्रेपफ्रूटच्या बिया खताच्या ढिगात कुजत नाहीत, हे अमेरिकेतील या संशोधकाच्या लक्षात आले आणि त्यातून अर्क तयार झाला, अशी ती गोष्ट आहे. गोष्ट सुटसुटीत असल्याने बाटल्यांबरोबर तीही खपत गेली. घसादुखीपासून बुरशीच्या संसर्गापर्यंत सगळ्यावर थेंब सुचवले जाऊ लागले, सौंदर्यप्रसाधनांत तो टिकवणारा घटक म्हणून आला.

अर्क काम करतो, यात वाद नव्हताच. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तो 512 पट पातळ केल्यावरही जिवाणू मारत होता. वाद होता तो हे काम नेमके कोण करते याचा.

शंका त्याआधीच उपस्थित झाली होती. 1990च्या दशकात जपानी रसायनतज्ज्ञांना बाजारातील अर्कांत ट्रायक्लोसान आणि मिथाइल पॅराबेन सापडले. ही दोन्ही कारखान्यात बनणारी, जंतूंना रोखणारी रसायने. मग 1999 मध्ये जर्मनीतील ग्रायफ्सवाल्ड विद्यापीठातील गटाने एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. बाजारातले सहा अर्क तपासले. पाच जंतुनाशक निघाले आणि त्या पाचही अर्कांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक होते. सहाव्यात असे कोणतेही परिरक्षक (माल टिकवणारे रसायन) नव्हते आणि जंतू मारण्याची ताकदही नव्हती. बियांपासून गटाने स्वतः काढलेल्या अर्कानेही जंतूंना काहीच केले नाही. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा शेवटचा भाग, कारण विकत आणलेल्या बाटलीशी खऱ्या बियांची तुलना करण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले होते.

अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये बेन्झेथोनियमची ओळख पक्की केली आणि 2005 मध्ये काही नमुन्यांत त्याचाच भाऊबंद बेन्झाल्कोनियम क्लोराइड दाखवला. दोन्ही ‘क्वाटर्नरी अमोनियम’ कुळातली, पृष्ठभाग निर्जंतुक करायला वापरतात ती रसायने. धन विद्युतभारामुळे ती जिवाणूच्या पटलाला चिकटतात आणि ते फाडतात.

उत्पादकांचा बचाव असा की, प्रक्रियेत बियांतील पॉलिफिनॉल ही नैसर्गिक वनस्पतिज संयुगे अमोनियम क्लोराइडबरोबर तापवली जातात आणि त्यांतूनच ही क्वाटर्नरी रसायने तयार होतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे पचत नाही. बेन्झेथोनियमच्या रेणूत बेन्झिल गट आहे, फांद्या असलेली आठ कार्बनची साखळी आहे. ग्रेपफ्रूटमधल्या नॅरिंजिनसारखा फ्लॅव्होनॉइड (पॉलिफिनॉलचाच एक प्रकार) तापवून नेमका कारखान्यातलाच रेणू मिळावा, हा योगायोग फारच मोठा.

बिया अगदीच निष्क्रिय आहेत असे मात्र नाही. त्यांत लिमोनिन आणि नोमिलिन ही लिमोनॉइड कुळातील कडू संयुगे असतात, ती काही किडींना झाडापासून दूर ठेवतात. प्रयोगशाळेत त्यांचे काही जैविक परिणामही दिसले आहेत. पण बाटलीवर ज्या ताकदीचा दावा असतो ती त्यांच्यात नाही.

गोंधळ शोधनिबंधांतही झिरपला आहे. अन्न टिकवण्यावरचे कित्येक प्रयोग बाजारातला अर्क आणून केलेले आहेत, आणि त्याचे रासायनिक विश्लेषण न करता निष्कर्ष थेट बियांच्या नावावर टाकलेले आहेत. असे निबंध वाचताना अर्क कुठून आणला, हे आधी पाहावे.

रुग्णांपर्यंतही हे पोहोचले. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी हे थेंब घेतल्यावर औषधाचा परिणाम धोकादायक वाढल्याची नोंद 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रेपफ्रूटचा रस काही औषधांशी झगडतो हे डॉक्टरांना ठाऊक असते, त्यामुळे बोट आधी फळाकडे जाते. या तपासणीत मात्र बेन्झेथोनियम क्लोराइड हेच वॉरफरिनचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकरांना (एन्झाइमांना) जोरदार रोखताना आढळले.