अंग दुखलं नाही, म्हणजे व्यायाम वाया गेला?

‘दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही, तर वजनं उचलून उपयोग काय?’ असं सर्रास सांगितलं जातं. वाटणं साहजिक आहे; नव्याने सुरुवात करणाऱ्याचं अंग दुखतं आणि ताकदही वाढते. पण दुखतं ते मुख्यतः सवय नसलेल्या हालचालीमुळे, विशेषतः वजन खाली आणताना स्नायू ताणला जातो तेव्हा. हे दुखणं २४ ते ७२ तासांत जास्त जाणवतं. (व्यायाम करताना स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडला उगाच दोष देतात, ते तासाभरात ओसरलेलं असतं.) तोच व्यायाम काही आठवडे केला की दुखणं कमी होतं, ताकद मात्र वाढत राहते.

पडताळायचंय? वहीत वजन आणि ते किती वेळा उचललं, एवढंच लिहा. महिना-दोन महिन्यांत आकडे चढले, तर व्यायाम लागू पडतोय. सांध्यात कळ आली तर मात्र थांबायचं.