गेमपॅडने गाडी चालवताना: रेसिंग गेमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रेसिंग गेमसाठी चौकशी करायला येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न 'कन्सोल (टीव्हीला जोडायचे खास गेमचे यंत्र) घ्यावा की पीसी?' असा विचारतात आणि एका वाक्यात उत्तराची अपेक्षा ठेवतात. तसे उत्तर आम्ही देत नाही. कोणता गेम खेळायचा आहे आणि गाडी कशाने चालवायची आहे, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थ येत नाही. स्टिअरिंग व्हील घेण्याची इच्छा अनेकांना असते, पण ते कायमचे मांडून ठेवायला जागा, भक्कम टेबल आणि घरच्यांची संमती लागते, त्यामुळे प्रत्यक्षात हाती गेमपॅडच, म्हणजे दोन्ही हातांत धरायचा बटणांचा कंट्रोलरच, राहतो. हे माहितीपत्रक म्हणून मुख्यतः गेमपॅडविषयी आहे. किमती सतत बदलत असल्याने येथे दिलेल्या नाहीत. त्या दुकानात विचाराव्यात.

आधी गेम, मग यंत्र

ग्रान टुरिस्मो ७ हा गेम मार्च २०२२मध्ये प्लेस्टेशन ४ आणि प्लेस्टेशन ५ या दोनच यंत्रांसाठी आला असून पीसीवर तो मिळत नाही. याउलट आयरेसिंग २००८ पासून केवळ पीसीवर आहे आणि तो वर्गणी भरून खेळावा लागतो. फोर्झा होरायझन ५ नोव्हेंबर २०२१मध्ये एक्सबॉक्स आणि पीसीवर आला, तेव्हा तो प्लेस्टेशनवर कधी दिसेल असे कोणाला वाटले नव्हते. एप्रिल २०२५ पासून तो प्लेस्टेशन ५ वरही आहे. अमुक गेमसाठी तमुकच यंत्र घ्यावे लागते, ही ऐकीव माहिती त्यामुळे खरेदीच्या दिवशी पुन्हा तपासून घ्यावी.

पीसीची खरी बाजू वेगळीच आहे. इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनी या कंपनीचा असेटो कोर्सा डिसेंबर २०१४मध्ये पीसीवर आला आणि २०१६मध्ये कन्सोलवर. पीसीच्या आवृत्तीत हौशी मंडळींनी तयार केलेले ट्रॅक आणि गाड्या घालता येतात. कन्सोलच्या आवृत्तीत कंपनीने दिले तेवढ्यावरच भागवावे लागते. ग्रेटर नोएडाचा बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट ज्यांना चालवून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. तिथली भारतीय ग्रांप्री ही फॉर्म्युला वनची शर्यत २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे झाली आणि फॉर्म्युला वनच्या अधिकृत गेममधूनही तो ट्रॅक पुढे निघून गेला. आज त्यावर गाडी पळवायची तर हौशी मंडळींनी केलेल्या आवृत्तीचाच सोपा आधार आहे. अर्थात, फाइली उतरवणे, योग्य फोल्डरमध्ये टाकणे आणि काही बिघडल्यास स्वतः शोध घेणे याचा कंटाळा असेल, तर कन्सोलच घ्यावा, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

इंटरनेटविषयी एक सूचना. ग्रान टुरिस्मो ७ एकट्याने खेळतानाही बहुतांश भागासाठी चालू इंटरनेट मागतो. जिथे वीज वरचेवर जाते तिथे कन्सोल इन्व्हर्टरवर असणे पुरेसे नाही. राउटरही त्यावर असावा.

स्टिक आणि चाक यांच्यामधला गेम

आमच्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रचलित स्टिअरिंग व्हीलचा फिरण्याचा आवाका ९०० अंशांचा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेऱ्यांचा असतो. गेमपॅडची स्टिक, म्हणजे अंगठ्याने हलवायची छोटी दांडी, मध्यापासून एका बाजूला टेकेपर्यंत अंगठा जेमतेम सेंटिमीटरभर सरकतो. एवढ्याशा हालचालीत पूर्ण स्टिअरिंग बसवले आणि ते जसेच्या तसे गाडीला दिले, तर ताशी २०० किलोमीटर वेगाने जाताना अंगठ्याच्या एका झटक्यासरशी पुढची चाके पूर्ण वळतील आणि गाडी जागेवर फिरेल. असे होत नाही, कारण मध्ये गेम असतो. टांगेवाला लगाम ओढतो, पण किती झपाट्याने वळायचे ते घोडा ठरवतो, तसा हा व्यवहार आहे.

गेम हे प्रामुख्याने तीन प्रकारे करतो. स्टिक एकदम टोकाला नेली तरी चाके तिथपर्यंत ठरावीक गतीनेच जातात. गाडीचा वेग वाढेल तसा चाकांच्या वळणाचा कमाल कोन कमी केला जातो. शिवाय स्टिकची हालचाल आणि चाकांचे वळण यांचे प्रमाण सरळ न ठेवता वक्र ठेवले जाते, जेणेकरून मध्याजवळ बारीक हालचाली करता याव्यात. पडताळा घ्यायचा असेल तर गेममध्ये चालकाच्या आसनावरून दिसणारे दृश्य निवडावे, गाडी उभी असताना स्टिक झटकन टोकाला न्यावी आणि पडद्यावरच्या स्टिअरिंगकडे पाहावे. अंगठा टोकाला पोचलेला असतो आणि पडद्यावरचे हात अजून वळतच असतात. नंतर हेच भरधाव वेगात, मोकळ्या सरळ रस्त्यावर करून पाहावे. बहुतेक गेममध्ये हात अर्ध्यावरच थांबलेले दिसतील.

कन्सोल आणि पीसी यांतला खरा फरक येथे जाणवतो. कन्सोलच्या खेळाडूंच्या हाती गेमपॅडच असणार, हे धरून कन्सोलचे गेम बनवले जातात, त्यामुळे ही मधली व्यवस्था पुष्कळ मेहनत घेऊन जुळवलेली असते आणि खेळणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. पीसीवरचे काही सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल करणारे गेम, मात्र स्टिअरिंग व्हील डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले आहेत. त्यांत गेमपॅडची सोय असते, पण तिचे सारे खिळे-स्क्रू ग्राहकाच्या हवाली केलेले असतात. 'पीसीवर गाडी हातात राहत नाही' ही तक्रार आमच्याकडे वरचेवर येते. गेमपॅड बिघडलेला क्वचितच असतो. बहुतेक वेळा सेटिंग्ज मूळच्या मूळच असतात.

सेटिंग्ज कशा लावाव्यात

सुरुवात डेडझोनपासून करावी. स्टिक मध्यावर सोडली असताना तिच्या किती हालचालीकडे गेमने दुर्लक्ष करावे, हे डेडझोन ठरवते. नव्या गेमपॅडला ते अगदी कमी पुरते. ते फार मोठे ठेवल्यास आधी काहीच घडत नाही आणि मग गाडी एकदम वळते, आणि सरळ रस्त्यावरही गाडी डावी-उजवीकडे झोके खाऊ लागते. ते एकदम शून्यावर नेऊ नये; एकेक पायरी कमी करत जावे आणि अंगठा उचलल्यावर गाडी आपोआप एका बाजूला सरकू लागली की एक पायरी मागे यावे.

त्यानंतर वक्राचे प्रमाण. असेटो कोर्सामध्ये याला गॅमा म्हटले आहे, तर इतर काही गेममध्ये लिनिअॅरिटी. गॅमाचा हिशेब सोपा आहे. तो १ असेल तर अर्धी स्टिक म्हणजे अर्धे वळण. २ केला तर अर्ध्या स्टिकला केवळ पाव वळण मिळते आणि उरलेला पाऊण भाग स्टिकच्या दुसऱ्या अर्ध्यात येतो. लांबलचक, वेगवान वळणांच्या ट्रॅकवर जास्त गॅमा सुखाचा वाटतो, पण तीव्र वळणांच्या अरुंद रस्त्यावर तोच नकोसा होतो, कारण शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये गाडी फारच झपाट्याने वळते.

स्टिअरिंगची गती आणि वेगानुसार कमी होणारा कोन या दोन गोष्टी सर्वांत शेवटी हाताळाव्यात. गती वाढवली की गाडी चपळ वाटते, पण मागची चाके घसरल्यावर उलट स्टिअरिंग देताना ते प्रमाणाबाहेर जाते आणि गाडी दुसऱ्या बाजूला फिरते; कमी ठेवली तर सावरायला उशीर होतो. मधला बिंदू प्रत्येकाच्या अंगठ्याप्रमाणे वेगळा असतो, त्यामुळे 'तुमची सेटिंग्ज लिहून द्या' ही विनंती आम्ही नम्रपणे नाकारतो. एका वेळी एकच आकडा बदलावा आणि तोही त्याच गाडीने, त्याच ट्रॅकवर तपासावा. दोन आकडे एकदम बदलल्यास सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. फोर्झाच्या गेममध्ये स्टिअरिंगचे 'नॉर्मल' आणि 'सिम्युलेशन' असे पर्याय आहेत. गेमपॅडवर 'सिम्युलेशन' निवडण्यात मोठेपणा नाही. तिथे गेमची मदत कमी होते, एवढेच.

गेमपॅड हवेत वाकवून वळण्याची सोय प्लेस्टेशनच्या पॅडमध्ये आहे, कारण त्यात हालचाल ओळखणारे संवेदक असतात, आणि ग्रान टुरिस्मो ७मध्ये ती वापरता येते. एक्सबॉक्सच्या पॅडमध्ये असे संवेदक नाहीत. ही पद्धत मुलांना आवडते. आमचे मत विचाराल तर लांब शर्यतीत मनगटे दुखतात, पण स्टिकपेक्षा आवाका जास्त मिळतो हे मान्य करावे लागेल. कीबोर्डचा उल्लेख केवळ पूर्णतेसाठी: त्यावर कळ दाबलेली असते किंवा नसते, मधले काही नसते, आणि मधले सारे गेम अंदाजाने भरून काढतो.

ट्रिगर

स्टिअरिंगच्या चर्चेत ब्रेक विसरला जातो, पण वळणात वेळ कमी करायचा असेल तर तिकडेच आधी लक्ष द्यावे. १९९४ साली प्लेस्टेशन जपानमध्ये आला तेव्हा त्याच्या गेमपॅडवर स्टिकही नव्हती; नामकोने १९९५मध्ये मधोमध पिळून वळवायचा नेगकॉन हा खास पॅड काढला तो याच अडचणीवर उपाय म्हणून. आज स्टिक सर्वत्र आहे, पण किती दाबले ते ओळखणारा ट्रिगर (पॅडच्या मागचे, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरसाठी बोटाने दाबायचे बटण) अजूनही सर्वत्र नाही. निन्टेन्डो स्विचचे जॉय-कॉन आणि प्रो कंट्रोलर यांचे मागचे ट्रिगर साध्या बटणासारखे चालतात. पूर्ण ब्रेक किंवा ब्रेक नाही, एवढेच त्यांना कळते. गंभीरपणे रेसिंग करू इच्छिणाऱ्यांना आम्ही हे पॅड सुचवत नाही.

पीसीवर एक गंमत घडते आणि ती ग्राहकांना घाबरवून सोडते. विंडोजमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' ही जुनी चाचणीची खिडकी उघडून एक्सबॉक्स पद्धतीच्या पॅडचे दोन्ही ट्रिगर एकाच वेळी पूर्ण दाबले, तर दोन्ही दाखवणारी पट्टी मध्यावर येऊन थांबते, जणू काहीच दाबलेले नाही. पॅड खराब नसतो. विंडोजची जुनी पद्धत दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर मोजते, एक अधिक आणि दुसरा उणे. म्हणून त्यांची बेरीज शून्य होते. नवीन गेम ज्या पद्धतीने पॅड वाचतात तीत दोन्ही वेगवेगळे मोजले जातात. काही जुन्या गेममध्ये मात्र ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेक लावणे याच कारणामुळे खरोखरच जमत नाही.

प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स पॅडचे ट्रिगर गेमच्या आज्ञेनुसार कडक होतात, त्यामुळे ब्रेकचा जोर बोटाला जाणवतो. हाच पॅड पीसीला जोडल्यास ही सोय त्या-त्या गेमने दिलेली असावी लागते आणि बहुतेक गेममध्ये ती यूएसबी केबलने जोडल्यावरच चालते. पीसीवर मेन्यूमध्ये एकदा दाबल्यावर दोन घरे पुढे उडी पडत असेल, तर स्टीमची (पीसीवर गेम विकत घेऊन चालवण्याच्या सेवेची) गेमपॅड व्यवस्था आणि गेम असे दोघेही तोच पॅड वाचत आहेत असे समजावे. दोहोंपैकी एक बंद करावे.

टीव्ही आणि उशीर

गेमपॅड बदलून देण्याची मागणी करण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू आहे का ते पाहावे. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो आणि गेम मोड बंद असल्यास हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही होऊ शकतो. ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे जाते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात, ३० चित्रांच्या गेममध्ये ३३. टीव्हीच्या उशिरापुढे हा फरक किरकोळ आहे. पीसीच्या मॉनिटरवर असा उशीर सहसा कमी असतो, आणि पीसी 'हलका' वाटण्याचे श्रेय अनेकदा त्यालाच जाते.

कोणते उपकरण कोठे चालते

येथे चूक झाली की पैसे अडकतात. लॉजिटेकचे जी२९ हे व्हील प्लेस्टेशन आणि पीसीवर चालते, एक्सबॉक्सवर नाही. त्याच कंपनीचे जी९२० एक्सबॉक्स आणि पीसीवर चालते, प्लेस्टेशनवर नाही. दिसायला दोन्ही भावंडे आहेत, म्हणून खोक्यावरचे चिन्ह वाचूनच पैसे द्यावेत. प्लेस्टेशन ४चा पॅड प्लेस्टेशन ५ ला जोडता येतो, पण त्याने प्लेस्टेशन ४चेच गेम खेळता येतात. एक्सबॉक्स वनचे पॅड नव्या सिरीज कन्सोलवर पूर्ण चालतात. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ पासून परवाना नसलेली बाहेरची उपकरणे एक्सबॉक्सवर रोखायला सुरुवात केली आहे, त्यामुळे ऑनलाइन स्वस्तात मिळालेले बिननावाचे व्हील आमच्याकडे आणून 'चालू करून द्या' म्हटल्यास आमचा नाइलाज असतो. पीसीला हे बंधन नाही.

स्टिक घसरण्याची तक्रार

अंगठा न लावता गाडी एका बाजूला जाणे, याला ग्राहक ड्रिफ्ट म्हणतात. नेहमीच्या स्टिकमध्ये घासून चालणारा भाग असतो आणि तो झिजतो. रेसिंगमध्ये स्टिक सतत डावी-उजवीकडे फिरत असल्याने झीज बहुधा त्याच दिशेत आधी दिसते. चुंबकीय संवेदक असलेल्या, हॉल इफेक्ट नावाने विकल्या जाणाऱ्या स्टिकमध्ये हे घर्षण नसते. दिवसाकाठी तासन्‌तास खेळणाऱ्यांनी तशी स्टिक असलेला पॅड घेतलेला बरा, असे आमचे मत आहे, मात्र तो आपल्या कन्सोलवर चालतो याची खात्री करूनच.

दुरुस्तीसाठी पॅड आणल्यास आम्ही तो ग्राहकासमोरच संगणकाला जोडतो आणि स्टिक सोडल्यावर खूण मध्यावर परतते का ते दाखवतो. परतत असेल तर पॅड न उघडता सेटिंग्ज तपासून देतो आणि त्याचे शुल्क घेत नाही. हमीच्या मुदतीतला पॅड आम्ही उघडत नाही, कारण त्याने कंपनीची हमी जाते. तो खरेदीपावतीसह कंपनीच्या सेवाकेंद्राकडे पाठवावा लागतो. येताना पॅडसोबत त्याची केबल किंवा यूएसबी डोंगल (पॅड बिनतारी जोडण्यासाठी संगणकात खोचायचा छोटा तुकडा) अवश्य आणावा.