ससाण्याची टोपी आणि तिच्या शेजारच्या पोथ्या

सरांच्या कपाटात चामड्याची एक टोपी आहे, मोठ्या लिंबाएवढी. नवखा माणूस ती बाहुलीची समजतो. ती शिकारीसाठी पाळलेल्या ससाण्याची आहे. सर फारसी शिकवायचे. निवृत्तीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीमागच्या घरात त्यांनी हा संग्रह मांडला. वरच्या खणात टोप्या, पितळी घुंगरं, पायात बांधायच्या वाद्या आणि कडक झालेला एक हातमोजा. खालच्या खणात लाल फडक्यांत बांधलेल्या पोथ्या. ‘आपल्या मराठवाड्यात कुठले आले ससाणे पाळणारे?’ असं येणारा प्रत्येक जण विचारतो.

आले, आणि फार आधी आले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने मन कसं रमवावं ते सांगताना त्यात ‘श्येनविनोद’ येतो. श्येन म्हणजे ससाणा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. नकाशात ते कर्नाटकात असलं, तरी उदगीर-निलंग्याच्या माणसाला ते परकं नाही. 1956पर्यंत हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते.

पुढचा दाखला मराठीतला. ज्ञानेश्वरांचं मूळ गाव पैठणजवळचं आपेगाव, ज्ञानेश्वरी झाली नेवाशाला, 1290 साली. तिच्या सोळाव्या अध्यायात डोंगराकडे निघालेला पारधी भेटतो. त्याच्याबरोबर जाळी आहेत, कुत्री आहेत आणि ससाणेही आहेत. मला हा दाखला सोमेश्वराच्या ग्रंथाहून मोलाचा वाटतो. तिथे राजाची करमणूक आहे. इथे ऐकणाऱ्याला चटकन कळावं म्हणून दिलेला दृष्टान्त आहे. समोर बसलेल्यांना ससाणा घेऊन जाणारा माणूस माहीत असल्याशिवाय असा दृष्टान्त कुणी देत नाही.

मग फारसी आली. मलिक अंबरने 1610मध्ये खडकी वसवली, पुढे तिचं औरंगाबाद झालं, आणि आता छत्रपती संभाजीनगर. मोगलांकडे ससाण्यांचं स्वतंत्र खातंच होतं. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त पक्ष्यांचा खुराक आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा पगार अशा दोन्ही गोष्टींची नोंद सापडते. पक्ष्याला शिकवायचं कसं, पिसं झडण्याच्या काळात जपायचं कसं, कोणत्या दुखण्याला काय द्यायचं, हे सांगणाऱ्या फारसी पुस्तकांना ‘बाजनामा’ म्हणत. सरांच्या फडक्यांत आहेत त्या अशाच नकला.

नावांची गंमत सर रंगवून सांगतात. ‘ससाणा’ हा शब्द संस्कृत ‘शशादन’वरून आला, म्हणजे ससा खाणारा. पण ‘बहिरी ससाणा’? तो बहिरा मुळीच नाही. ‘बहरी’ म्हणजे समुद्राकडचा. अरबी ‘बहर’ म्हणजे समुद्र. तो शब्द आपल्याकडे येऊन बिचारा बहिरा झाला. या पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी, म्हणून शिकाऱ्यांनी दोघांना वेगळी नावं दिली: मादी बाज, तर नर जुर्रा, मादी शिकरा, तर नर चिपक. कुमाऊंच्या रुद्रदेवाने ‘श्यैनिकशास्त्र’ लिहिलं, तेव्हा अशी फारसी नावं त्याने संस्कृत श्लोकांत बसवून टाकली. हा ग्रंथ हरप्रसाद शास्त्रींनी 1910मध्ये कलकत्त्याला छापला.

उतरणही लांबलचक आहे. 1880च्या दशकात निजामाच्या कचेऱ्यांतून फारसी जाऊन उर्दू आली आणि बाजनामा वाचणारे कमी होत गेले. 1948मध्ये संस्थान गेलं. मग बहात्तर साल. मराठवाड्याला ते दुष्काळामुळे आठवतं, पण त्याच वर्षी दोन कायदे झाले. वन्यजीव संरक्षण कायद्याने ससाणा पकडणं-पाळणं बंद केलं, आणि ते योग्यच झालं. दुसऱ्या कायद्याने पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, महत्त्वाच्या हस्तलिखितांना पुरावस्तू ठरवलं. पक्षी मोकळा झाला आणि कागदाला पहारा बसला, असं सर म्हणतात. युनेस्कोच्या वारसा यादीत ससाण्याकडून शिकार करून घेण्याची ही कला 2010मध्ये गेली. 2021पर्यंत तिच्यात 24 देश आले. भारत त्यांत नाही.

पोथ्या लिहिल्या त्या राजांनी आणि दरबारातल्या शिकलेल्यांनी. ज्याच्या मुठीवर पक्षी दिवसदिवस बसायचा त्या माणसाने काही लिहून ठेवलेलं नाही. सर म्हणूनच दोन्ही खण एकाच कपाटात ठेवतात. एका बाजनाम्यात टोपी घालण्याची रीत आहे: डोळे झाकले की पक्षी शांत होतो, टोपीची वादी पाठीमागून ओढायची, पण एका हातावर पक्षी असल्याने वादीचं एक टोक दुसऱ्या हातात आणि एक दातांत धरायचं. एवढं वाचून झालं की सर पोथी मिटतात आणि वरच्या खणातली टोपी भिंगाखाली ठेवतात. वादीच्या एका टोकाला चामडं चेपलेलं आहे. नीट पाहिलं की दातांचे वण दिसतात, वर दोन, खाली दोन.