कचेरीच्या वेळेत मन चरायला का जातं?

डिसेंबरात सिरपूरच्या तळ्यावर थापट्या आणि तलवार बदकं उतरली की इंदूरच्या पक्षीवेड्यांची चुळबुळ सुरू होते. तळं धार रोडला, नोकरी आयटी कंपन्यांच्या सुपर कॉरिडॉरला आणि सुट्टी शनिवार-रविवारची. मग उरलेले पाच दिवस ही मंडळी तळ्यावर जातात ती ऑफिसच्या खुर्चीत बसूनच, स्क्रीनच्या एका कोपऱ्यातून.

माझी भाची सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये आहे. टेस्ट सुरू केली की निकाल यायला चार-पाच मिनिटं लागतात. "मामा, तेवढा वेळ हात रिकामेच असतात ना," ती म्हणते. रविवारी तिने एका बदकाच्या मादीचा फोटो काढलेला असतो. ती भुवई बदकाची की चक्रांगाची, हे ठरत नसतं. दोघी तपकिरी, दोघी लहानखुऱ्या. एक पान उघडलं की कळतं, भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावरचे पट्टे जास्त ठळक असतात. दुसऱ्या पानावर कुणीतरी लिहिलेलं असतं, चोचीच्या मुळाशी फिका ठिपका आहे का तेही बघा. मग फोटो मोठा करून चोच बघायची. तिथे प्रकाश कमी, म्हणून कुणी यशवंतसागर तलावावर काढलेला तसाच फोटो शोधायचा. इकडे टेस्टचा निकाल केव्हाच आलेला असतो आणि लाल अक्षरातली चूक तशीच पडून असते.

याला घरी टाइमपास म्हणतात आणि ऑफिसात कामचुकारपणा. दोन्ही शब्दांनी माणसाच्या स्वभावावर शिक्का बसतो, पण नेमकं काय घडलं ते कळत नाही. ते कळून घ्यायचं तर पक्ष्यांकडेच जावं लागतं. मन असं उडून का जातं, याचं मला पटलेलं सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण प्राणी चारा कसा शोधतात या अभ्यासातून आलेलं आहे.

१९७६ साली एरिक चार्नोव्ह या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एक गणिती प्रमेय मांडलं. पक्षी झाडावर किडे टिपतोय. आधी भराभर मिळतात, मग कमी कमी होत जातात. दुसरं झाड लांब आहे आणि तिथवर उडण्यात वेळ जातो, ताकद जाते. मग हे झाड सोडायचं कधी? चार्नोव्हचं उत्तर असं, की झाड पार रिकामं होईपर्यंत थांबण्यात तोटा आहे. जाण्यायेण्याचा वेळ धरून एकूण परिसरात सरासरी जेवढं मिळतं, तेवढ्यावर या झाडाची मिळकत उतरली की निघावं. यातून एक भाकीत निघतं. झाडं लांब लांब असतील तर पक्षी एकेका झाडावर जास्त वेळ काढील. झाडं जवळ असतील तर लवकर उडेल, हातचा चारा पुष्कळ शिल्लक असला तरी.

हे पडताळून पाहिलं रिचर्ड कॉवी यांनी, पुढच्याच वर्षी. त्यांनी मोठ्या पिंजऱ्यात कृत्रिम झाडं उभी केली. फांद्यांना छोटे पेले, पेल्यांत लाकडाचा भुसा आणि भुशात लपवलेले अळ्यांचे तुकडे. ग्रेट टिट नावाचे चिमणीएवढे पक्षी त्यात सोडले. आता झाडांमधलं अंतर कमी-जास्त कसं करायचं? कॉवींनी झाडं जागची हलवलीच नाहीत. पेल्यांवर झाकणं बसवली, काही सहज निघणारी आणि काही उचकटायला कष्ट पडतील अशी. पक्ष्याच्या दृष्टीने घट्ट झाकण म्हणजे लांबचं झाड, कारण चारा मिळायला तेवढाच जास्त वेळ लागतो. आणि घडलं प्रमेयाप्रमाणेच. झाकणं घट्ट असताना पक्षी एका पेल्यावर जास्त वेळ रमले, सैल असताना लवकर उडाले. पक्षी तेच, चाराही तोच. बदललं होतं फक्त झाकण.

हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या स्क्रीनवरची सगळी झाकणं गेल्या पंचवीस वर्षांत कुणीतरी काढून टाकली आहेत. पूर्वी दुपारी तीन वाजता बदकाबद्दल शंका आली असती तर लायब्ररी गाठावी लागली असती किंवा जाणकाराच्या घरी रविवारी जावं लागलं असतं. आज एका बोटाच्या टोकावर पुढचं झाड आहे. चार्नोव्हचं गणित इथे निष्ठुरपणे लागू होतं. अंतर शून्यावर आलं की हातातलं काम थोडंही रेंगाळलं तरी उडून जाणं फायद्याचं दिसू लागतं.

माणसाला हे गणित लावायची कल्पना पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांची. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करताना त्यांनी नव्वदच्या दशकात मांडणी केली, की माणूस माहितीही चाऱ्यासारखीच शोधतो. लिंकचे दोन शब्द, छोटंसं चित्र, एखादं नाव यांवरून पुढे काय मिळेल याचा तो अंदाज घेतो. या खुणांना त्यांनी माहितीचा वास म्हटलं. वास तीव्र असेल तर माणूस पुढे जातो, मंदावला की मागे फिरतो.

मेंदूतही याची खूण सापडली आहे. २०११ मध्ये बेंजामिन हेडन आणि सहकाऱ्यांनी माकडांना असाच झाड सोडण्याचा खेळ पडद्यावर दिला. मेंदूच्या पुढच्या, आतल्या भागातल्या काही पेशींची हालचाल प्रत्येक घासाबरोबर थोडी थोडी वाढत गेली आणि एका पातळीला पोचली की माकडाने जागा सोडली. पुढच्या जागी जायला जास्त वेळ लागणार असेल तेव्हा ही पातळीही वर सरकलेली होती. कॉवींच्या पक्ष्यांनी झाकण बघून जे केलं, त्याचा हिशेब मांडणाऱ्या पेशीच जणू इथे दिसल्या.

पण चारा पोटात जातो. भुवई बदकाच्या चोचीवरच्या ठिपक्याने कुणाचं पोट भरतं? यावर एथन ब्रॉमबर्ग-मार्टिन आणि ओकिहिदे हिकोसाका यांचं २००९ चं काम बोलकं आहे. त्यांच्या माकडांना पाणी मिळणारच होतं, कधी जास्त, कधी कमी. किती मिळणार हे आधी सांगणारी खूण बघायची की नाही, एवढंच माकडांच्या हाती होतं. बघितल्याने पाण्याचा थेंबही वाढणार नव्हता. तरी माकडांनी खूण बघणंच पसंत केलं. आणि पाणी मिळण्याच्या अपेक्षेला प्रतिसाद देणाऱ्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी या नुसत्या कळण्याच्या अपेक्षेलाही प्रतिसाद देत होत्या. म्हणजे कळणं हीच मेंदूच्या लेखी मिळकत आहे.

छंदाची ओढ इतर स्क्रोलिंगपेक्षा वेगळी का, याचंही उत्तर इथेच आहे असं मला वाटतं. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्हींचे अभ्यासक जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाची व्याख्या केली ती अशी, की आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत हवं आहे, त्यांच्यातली फट जाणवणं म्हणजे कुतूहल. ज्याला बदकांतलं काहीच कळत नाही त्याला ही फट दिसतच नाही; त्याला सगळी बदकं सारखी. जो वीस बदकं ओळखतो त्याला एकविसावं छळतं. छंदात माणूस जितका मुरतो तितक्या त्याच्या फटी वाढतात, आणि प्रत्येक फट दुपारी तीन वाजता उघडी असते. कुतूहल जागं झालेला मेंदू शिकायलाही तयार असतो. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात मथायस ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एखाद्या प्रश्नाचं उत्तर कळायची ओढ लागलेली असताना मधेच दाखवलेले, प्रश्नाशी संबंध नसलेले चेहरेही लोकांच्या जास्त लक्षात राहिले. मनाची ही अवस्था किमती आहे, आणि म्हणून तिला नुसतं आळस म्हणून झटकलेलं मला आवडत नाही.

दुसरा मुद्दा थकव्याचा. "डोकं चालेनासं झालं म्हणून जरा बघत होतो" हे आपण सगळे म्हणतो. मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर यांनी १९९८ मध्ये मांडलं होतं, की मनाचा निग्रह वापरला की सरतो. ज्यांना समोरची चॉकलेट बिस्किटं सोडून मुळे खायला लावले, त्यांनी नंतर न सुटणारं कोडं लवकर सोडून दिलं, असा तो गाजलेला प्रयोग. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून या कल्पनेची एक ठरावीक चाचणी दोन हजारांहून अधिक लोकांवर घेतली तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्याआधीच, २०१३ मध्ये, रॉबर्ट कुर्झबान आणि सहकाऱ्यांनी वेगळा विचार मांडला होता. त्यांच्या मते मानसिक थकवा म्हणजे टाकी रिकामी होणं नव्हे. आत्ता दुसरं काहीतरी केलं असतं तर जास्त मिळालं असतं, हे सांगणारी ती जाणीव आहे. ही कल्पना अजून सिद्ध झालेली नाही, वाद चालू आहे. पण अनुभवाशी ती जुळते. रिपोर्ट लिहून दमलेला माणूस बदकांबद्दल तासभर बारीक वाचतो आणि दमत नाही. टाकी रिकामी झाली असती तर तेही जमलं नसतं.

म्हणून उडून जाण्याची किंमत नाही असं मात्र नाही. ती चांगलीच आहे. एरिक आल्टमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जवळपास ३०० लोकांना क्रमाने करायचं एक काम दिलं आणि मधेच दोन अक्षरं टाइप करायला लावून अडवलं. अडवणूक सरासरी फक्त २.८ सेकंदांची, तरी क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. ४.४ सेकंदांची केली तर तिप्पट. दोन-तीन सेकंद म्हणजे फोनवर आलेली ओळ नुसती वाचण्याचा वेळ. सोफी लिरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलेली गोष्ट आणखी चिवट आहे. एक काम अर्धवट टाकून दुसरं धरलं की पहिल्याचा गाळ मनात उरतो आणि दुसऱ्यावर पुरतं लक्ष बसत नाही. छंदातला प्रश्न तर स्वभावानेच अर्धवट असतो. चक्रांग की भुवई हे न ठरताच आपण कामाकडे परततो, आणि बदक डोक्यात पोहत राहतं.

मग मधली विश्रांती बरी की वाईट? इलिनॉय विद्यापीठात आत्सुनोरी अरिगा आणि अलेहांद्रो येरास यांनी २०११ मध्ये लोकांना ५० मिनिटांचं एक कंटाळवाणं, एकसुरी काम दिलं. बहुतेकांचं लक्ष हळूहळू ढासळलं. पण ज्यांना मधे फक्त दोनदा, थोडा वेळ, वेगळं काम करायला मिळालं त्यांचं ढासळलं नाही. मेलबर्न विद्यापीठाच्या ब्रेंट कोकर यांनी तर २००९ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की कामाच्या वेळात मर्यादेत राहून मौजेखातर नेट बघणारे लोक न बघणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ टक्के जास्त काम उरकतात. हे वाचून खूश होण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांचं काम मुळात आटोक्यात असतं त्यांनाच नेट बघायला फुरसत मिळते, असंही असू शकतं.

उलट बाजूने बोलणारा अभ्यास रटगर्स विद्यापीठातला आहे, २०१९ चा. ४१४ विद्यार्थ्यांना शब्दकोडी दिली आणि अर्ध्यावर काहींना विश्रांती. विश्रांतीतलं काम सगळ्यांना एकच, बजेटमध्ये बसतील अशा वस्तू निवडायच्या. कुणी ते कागदावर केलं, कुणी कॉम्प्युटरवर, कुणी फोनवर. फोनवर करणाऱ्यांना उरलेल्या कोड्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला आणि त्यांनी २२ टक्के कोडी कमी सोडवली. काम तेच असून फोनने फरक पडला. संशोधकांचा अंदाज असा, की फोन हातात घेतला की त्यातल्या इतर सगळ्या झाडांची आठवण जागी होते.

यावर बऱ्याच कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे साइट बंद करणं आणि कर्मचाऱ्यांच्या स्क्रीनवर पाळत ठेवणं. मला हा उपाय चुकीचा वाटतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कुलूप लागलं की खिशातून फोन निघतो, म्हणजे दोन्हींतला जास्त नुकसान करणारा रस्ता आपणच उघडून देतो. शिवाय पाळतीखालचा माणूस प्रामाणिक विश्रांतीही चोरून घेतो, आणि चोरून घेतलेल्या विश्रांतीत विसावा नसतो.

त्यापेक्षा झाकण आपलं आपण लावावं. फोन दुसऱ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. पक्ष्यांची साइट रोज नव्याने पासवर्ड टाकावा लागेल अशी. मनात आलेला प्रश्न लगेच न शोधता कागदावर लिहून जेवणाच्या सुट्टीसाठी ठेवायचा. एवढ्याशा अडथळ्याने काय होणार असं वाटतं, पण कॉवींची झाकणंही छोटीशीच होती. आणि काम सोडून उठायचंच असेल तर लिरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी २०१८ मध्ये तपासलेली युक्ती वापरावी: आपण कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची, हे दोन ओळींत टिपून उठायचं. मागे उरणारा गाळ त्याने कमी होतो. उठल्यावर शक्य तर बाहेर पडावं. मिशिगन विद्यापीठातल्या मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात झाडांमधून सुमारे पाऊण-एक तास चालून आलेल्यांची, आकडे उलटे म्हणण्याची क्षमता सुधारली. भर रस्त्यावरून चाललेल्यांची तशी सुधारली नाही. इंदूरच्या रेसिडेन्सी भागातल्या जुन्या झाडांखाली ज्यांचं ऑफिस आहे त्यांच्याकडे हे फुकट आहे.

चार्नोव्हच्या प्रमेयाची दुसरी बाजू मात्र ऑफिस चालवणाऱ्यांनी वाचायला हवी. पक्षी उडतो तो पुढचं झाड जवळ आहे म्हणून, तसाच या झाडावरची मिळकत आटली म्हणूनही. महिनाभर राबून शेवटी एकदाच 'झालं' म्हणता येणारं काम हे फार विरळ चाऱ्याचं झाड आहे. माझ्या ओळखीचे एक सीए काका आहेत, राजवाड्याजवळ ऑफिस. जुलैत रिटर्नची गर्दी असते तेव्हा ते फायलींचा ढीग एकाच मुलासमोर टाकत नाहीत. पाच-पाच फायलींचे गठ्ठे करतात, प्रत्येक गठ्ठा संपला की स्वतः येऊन तपासतात आणि काय बरोबर, काय चुकलं ते तिथल्या तिथे सांगतात. त्या ऑफिसात नेटवर कसलंही बंधन नाही.