मीटिंग अडकली की दर वेळी नेटच दोषी नसतंय

एप्रिलात बेळगावकडच्या खानापूरला ताईकडं गेलो होतो तेव्हाची गोष्ट. भाची पुण्याच्या एका कंपनीत कामाला आहे पण काम घरातनंच, रोज सकाळी 11 ला टीमची व्हिडिओ मीटिंग असते. सव्वाअकराच्या सुमाराला आतनं हाक आली, "मामा, परत हँग होऊलालंय, बघा की!" जाऊन बघतो तर स्क्रीनवर मॅनेजरसाहेब तोंड उघडं ठेवून थिजलेले, हिचा आवाज तिकडं तुटत तुटत जातोय, आणि दोन मिनिटांत मीटिंगचं सॉफ्टवेअर आपोआप बंदच पडलं. भावजी सोप्यातनं म्हणाले, "नेटच स्लो असणार." घरात सगळ्यांचं हेच मत, त्यापायी गेल्या महिन्यात जास्त स्पीडचा प्लॅन पण घेऊन झालेला आणि त्रास आहे तसाच. मला पोरीचं फार वाईट वाटलं, कारण अडकत अडकत बोलणाऱ्या माणसाबद्दल समोरच्यांचं मतही हळूहळू तसंच होत जातंय, कामातलं सगळं येत असून तिला ते नीट सांगताच येत नव्हतं.

मी पहिल्यांदा एकच केलं. तीच मीटिंग, त्याच खोलीत, त्याच वायफायवर, तिच्या मोबाईलवर लावली. एकदम स्वच्छ चालली. मग उलटं करून बघितलं, लॅपटॉपला मोबाईलचा हॉटस्पॉट दिला, तर लॅपटॉप परत अडकला. म्हणजे त्या दिवशी तरी नेटचा काही संबंध नव्हता. ही परीक्षा दहा मिनिटांची आहे आणि महागडा प्लॅन घ्यायच्या आधी प्रत्येकानं करावी असं मला मनापासून वाटतं. बरेच जण कॅमेरा बंद करून बघतात आणि सुधारलं की नेटला दोष देतात, पण कॅमेरा बंद केला की नेटवरचा भार उतरतो तसा लॅपटॉपवरचाही उतरतो, त्यामुळं त्यावरनं चोर कोण ते कळत नाही.

लॅपटॉपला एवढं काय काम असतंय, ते जरा हिशेब करून बघा. 1280 बाय 720 चं चित्र म्हणजे 9,21,600 ठिपके, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 24 बिट, आणि सेकंदाला अशी 30 चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला 66 कोटी बिटच्या वर जातंय, म्हणजे 660 एमबीपीएस (एक एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट). बहुतेक घरच्या लाईनींवरनं हे जाणं शक्य नाही, आणि प्रत्यक्षात मीटिंग दीड-दोन एमबीपीएसमध्ये होते. मधलं सगळं जे गायब होतंय ते गायब करायचं काम तुमच्या लॅपटॉपचं.

हे काम ज्या गणितावर चालतंय ते आपल्याच कर्नाटकातल्या माणसानं दिलेलं आहे. नासिर अहमद, जन्म बेंगळुरूचा, 1940 चा, इंजिनिअरिंग पण तिथंच झालं आणि मग अमेरिकेत प्राध्यापक झाले. त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर 1974 मध्ये डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाची पद्धत छापली. चित्राचे बारीक बारीक चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनात रंग हळूहळू कसा बदलतोय ते ठेवायचं आणि डोळ्याला जाणवत नाही असा बारीक तपशील सोडून द्यायचा, असं त्याचं साधारण रूप. आपले फोटो ज्या जेपेगमध्ये असतात त्यात हीच पद्धत आहे, आणि 2003 साली आलेल्या एच.264 या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत, जे आजही कितीतरी मीटिंगांत वापरलं जातंय, तिचंच जवळचं रूप आहे. नेट खरंच कमी पडलं की समोरच्याचा चेहरा चौकोन चौकोन दिसतो ना, ते हेच चौकोन. तपशील इतका टाकून द्यावा लागतो की त्यांच्या कडा उघड्या पडतात. मला हे कळलं तेव्हापासनं फुटलेल्या चित्राकडं मी वेगळ्याच नजरेनं बघतो.

यात अजून एक युक्ती असते, आधीच्या चित्रात आणि आताच्या चित्रात जेवढा फरक तेवढाच पाठवायचा. म्हणून मागं साधी भिंत असली की काम हलकं, आणि मागं खिडकीतनं हलणारं झाड दिसत असलं की प्रत्येक पान नव्यानं पाठवावं लागतंय. भाचीच्या मागं नेमकी परसातली केळ हलत होती, ती दिसू नये म्हणून तिनं मागचं धूसर करायचं बटण दाबलेलं. आणि ते धूसर करणं तर सगळ्यात जड, कारण कॉम्प्युटरला जवळजवळ प्रत्येक चित्रात माणूस कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते हे नव्यानं ओळखावं लागतंय. त्यात समोर पंधरा माणसांच्या पंधरा खिडक्या, त्या सगळ्या उलगडून दाखवायच्या. एका चित्रासाठी वेळ किती, तर सेकंदाचा तिसावा भाग, म्हणजे 33 मिलीसेकंद (मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). तेवढ्यात नाही झालं की चित्र थांबलं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, स्पीड बघितला. 0.78 गिगाहर्ट्झ. तिच्या प्रोसेसरचा नेहमीचा वेग 1.8. म्हणजे ऐन कामाच्या वेळी हा गडी निम्म्याहून कमी वेगानं चालत होता. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही, लॅपटॉप गादीवर, गादीवर वाकळ, आणि हवा आत घ्यायच्या फटी खालच्या बाजूला, त्या वाकळेत पार बुडालेल्या. हात लावला तर चटका बसेल इतका गरम. लॅपटॉपचा प्रोसेसर साधारण 100 अंश सेल्सिअसच्या जवळ पोचला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. हा बिघाड नाही, उलट तसं केलं नाही तर चिप खराब व्हायची भीती. पण कमी वेगात 33 मिलीसेकंदांचं काम 33 मिलीसेकंदांत होत नाही आणि मग आवाज पण तुटतो, म्हणूनच तो नेटचा दोष वाटतो.

ताईनं स्वयंपाकघरातनं पापड भाजायची जाळी आणून दिली. टेबलावर जाळी, जाळीवर लॅपटॉप, मागची खिडकी बंद, धूसर करणं बंद, पंधरा खिडक्यांच्या जागी फक्त बोलणारा माणूस दिसेल असं केलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगभर स्पीड 2 च्या खाली आला नाही (गार असला की प्रोसेसर नेहमीच्या वेगाच्या वरही जातो). आपल्याकडची तांबडी धूळ पंख्यात जाऊन बसते तिचा पण विचार करावा, पण कंपनीचा लॅपटॉप स्वतः उघडू नका, आयटीवाल्यांना कळवा.

अडकणं थांबलं पण मध्येच बंद पडणं काही थांबेना. हे दुखणं वेगळं होतं. गरम होऊन बंद पडायचं तर सहसा अख्खा लॅपटॉप बंद होतो, फक्त मीटिंगचं सॉफ्टवेअर मरत असेल तर मेमरी कमी पडतेय का, सॉफ्टवेअर जुनं आहे का आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, कसा आहे ते बघायचं. तिच्याकडं रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, 8 जीबी आणि ब्राउझरचे पंचवीस-तीस टॅब उघडे. रॅम भरली की कॉम्प्युटर सामान डिस्कवर टाकतो, आणि रॅममधनं एक गोष्ट काढायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात तर जुन्या फिरत्या हार्डडिस्कला 10 मिलीसेकंद, लाखपट फरक. तिच्याकडं एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, होती म्हणून इतकी दशा नव्हती, तरी टॅब बंद करायला लावले. तरीही परत बंद पडलं, मग सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघितलं, तर चार दिवस एकदाही बंद पडलं नाही. यावरनं कळलं की ग्राफिक्स ड्रायव्हरमध्येच गडबड असणार. पण हा कायमचा उपाय नव्हे, कारण चित्र दाबायचं काम ग्राफिक्स चिपकडनं काढून परत त्या बिचाऱ्या प्रोसेसरवर टाकलं जातंय आणि पंखा कोकलायला लागतो. तिनं तारीख, वेळ आणि काय बंद केल्यावर थांबलं हे सगळं लिहून आयटीला मेल केला. आधी दोन वेळा नुसतं "मीटिंग हँग होते" असं कळवलेलं तेव्हा "नेट तपासा" एवढंच उत्तर आलं होतं, या वेळी त्यांनी त्याच दिवशी लांबनंच ड्रायव्हर बदलून दिला.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर फोन आला, "मामा, आवाज तुटूलालाय, पण लॅपटॉप गारच आहे." या वेळी मोबाईलवर पण तुटत होतं, म्हणजे आता खरंच नेट. तिला म्हटलं राउटरला पिंग करून बघ, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघ. राउटरपर्यंतच कधी 3 तर कधी 400 मिलीसेकंद लागत होते, म्हणजे भानगड घराच्या आतच. बोलण्याला एका बाजूनं 150 मिलीसेकंदांपर्यंत उशीर चालतो असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे, त्याच्या पुढं माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. पावसाचं पाणी आत येतंय म्हणून राउटर सोप्यातल्या कपाटात हलवलेला, आणि जुन्या घराच्या दीड फुटी जांभ्याच्या भिंती मध्ये दोन. वायफायच्या 5 गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतीत लवकर मरतात, 2.4 च्या जरा बऱ्या जातात पण त्यात शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी.

राउटर मधल्या खोलीत आणला आणि पिंग 5 वर आला, तरी 11 वाजता इंटरनेटकडं जाताना उशीर होतच होता. शेवटी सापडलं ते असं, भाच्याच्या मोबाईलमध्ये लग्नाचे व्हिडिओ होते आणि ते वायफाय मिळालं की बॅकअपसाठी आपोआप इंटरनेटवर चढत होते. आपण स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा आकडा बघून खूश होतो, पण मीटिंगमध्ये आपला चेहरा जातो तो अपलोडच्या वाटेनं, आणि ती वाट पुष्कळ घरांत अरुंद असते. हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या डबल ट्रॉल्यांची रांग लागली की मागं अडकलेल्या मोटरसायकलवाल्याला जागा मिळत नाही, त्याचं काम कितीही छोटं असू दे. आवाजाचं तसंच आहे, त्याला 30-40 किलोबिट पुरतात, पण राउटरमध्ये लग्नाच्या व्हिडिओंची रांग लागलेली असली की तो त्या रांगेच्या शेवटी उभा. भाच्यानं बॅकअप रात्री 12 नंतर लावलाय आणि भावजींनी तो महागडा प्लॅन परत आधीच्यावर आणलाय.