घराच्या ऊर्जाबचतीवरील कर-क्रेडिट : अमेरिकेतील पार्श्वभूमी

अमेरिकेत जुन्या खिडक्या बदलल्या, माळ्यावर इन्सुलेशन (उष्णतारोधक थर) घातले किंवा हीट पंप (बाहेरची उष्णता आत किंवा आतली बाहेर नेऊन घर गरम-थंड करणारे यंत्र) बसवला, तर त्या खर्चाचा काही भाग केंद्रीय प्राप्तिकरातून सुटत असे. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या साहित्याला ही सोय लागू नाही. तिचे मूळ तेलटंचाईच्या काळातील १९७८ च्या कायद्यात आहे. त्यानुसार पहिल्या २,००० डॉलर खर्चावर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर मिळत. १९८५ अखेर ती तरतूद संपली.

२०२५ अखेर संपलेल्या या सवलतीची, म्हणजे कर-क्रेडिटची, सुरुवात २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने झाली. त्यात दर १० टक्के होता आणि आयुष्यभरात मिळून ५०० डॉलरची मर्यादा होती; त्यातही खिडक्यांसाठी २०० डॉलरच. २००८ साली क्रेडिट नव्हते. मंदीवरील उपाय म्हणून २००९ आणि २०१० साठी दर ३० टक्के व मर्यादा १,५०० डॉलर झाली, तर २०११ मध्ये पुन्हा जुने आकडे आले. पुढे मुदत संपायची आणि मागील तारखेपासून वाढवली जायची, असेच चालत राहिले. २०१२ ची मुदतवाढ जानेवारी २०१३ मध्ये, २०१७ ची फेब्रुवारी २०१८ मध्ये, तर २०१८ ची थेट डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली. खिडकी बसवून वर्ष उलटल्यावर जाहीर होणारी सवलत ती बसवण्याचा निर्णय घ्यायला कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

मराठी वाचकाची गफलत बहुधा ‘क्रेडिट’ या शब्दापाशी होते. आपल्याकडे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०सी ची वजावट उत्पन्नातून होते, तर कलम ८७ए ची सूट थेट आकारलेल्या करातून मिळते. हे क्रेडिट दुसऱ्या प्रकारात मोडत असे, त्यामुळे त्याला ‘करवजावट’ म्हणणे चूक आहे. शिवाय ते परत न मिळणारे होते, म्हणजे देय करापलीकडची रक्कम हातात पडत नसे. समजा, २०२४ मध्ये १२,००० डॉलरचा हीट पंप घेतला. ३० टक्क्यांनी ३,६०० डॉलर होतात आणि २०२२ च्या कायद्यातील मर्यादेमुळे २,००० उरतात. पण त्या वर्षीचा कर ९०० डॉलरच असेल, तर ९०० मिळतात आणि उरलेले १,१०० कायमचे बुडतात. छतावरील सौर पॅनेलचे न वापरलेले क्रेडिट मात्र पुढील वर्षी नेता येत असे. हा भेद २०२२ मध्येही कायम ठेवला गेला. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राज्यांमार्फत स्वतंत्र अनुदान ठेवले आहे, असे समर्थन त्यासाठी केले जाते. परंतु ते अनुदान सर्व राज्यांत एकाच वेळी सुरू झाले नाही. पेन्शनवर जगणाऱ्या आणि गळक्या खिडक्यांच्या घरात राहणाऱ्या वृद्धाला क्रेडिट परत न मिळण्याच्या याच अटीने बाहेर ठेवले, आणि या धोरणातील सर्वांत मोठी उणीव हीच होती, असे वाटते.

एरवी २०२२ च्या कायद्याने केलेला बदल मोलाचा होता. दर ३० टक्के झाला, आयुष्यभराची मर्यादा जाऊन वर्षाला १,२०० डॉलरची आली, हीट पंपासारख्या उपकरणांसाठी वेगळे २,००० डॉलर ठेवले गेले आणि मुदत २०३२ पर्यंत नेली. यंदा माळा, पुढच्या वर्षी खिडक्या, असे घर टप्प्याटप्प्याने दुरुस्त करता येऊ लागले. बिलाकडे मात्र नीट पाहावे लागे, कारण हीट पंप बसवण्याची मजुरी खर्चात धरली जाई, तर खिडक्या आणि इन्सुलेशनची धरली जात नसे.

जुलै २०२५ च्या कायद्याने ही मुदत सात वर्षे अलीकडे ओढली. निकष पैसे भरल्याच्या तारखेचा नसून काम बसवून पूर्ण झाल्याचा आहे. त्यामुळे नोव्हेंबरात पूर्ण रक्कम भरूनही ज्यांच्या खिडक्या जानेवारी २०२६ मध्ये बसल्या, त्यांना त्या खर्चावर काहीही मिळत नाही.