झटपट गोठवणे म्हणजे उलटा मायक्रोवेव्ह नव्हे

कालचा तांबडा रस्सा मायक्रोवेव्हमध्ये काही मिनिटांत वाफाळतो, मग तोच रस्सा फ्रीजरमध्ये गोठायला अख्खी रात्र का लागते, आणि काही मिनिटांतच पदार्थ गोठवणारे घरगुती यंत्र का मिळत नाही, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ‘ब्लास्ट फ्रीजर’ किंवा ‘शॉक फ्रीजर’ ही नावे कानावर पडली की असे यंत्र निघाले असावे, असाही समज होतो. ही यंत्रे खरी आहेत आणि उपयोगीही आहेत. मात्र मायक्रोवेव्हची क्रिया उलटी फिरवून ती चालतात, हे खरे नाही. पदार्थात उष्णता आतच निर्माण करता येते, परंतु आतली उष्णता काढायची तर तिला पृष्ठभागापर्यंत यावेच लागते, आणि सगळा फरक यातून निघतो.

कोल्हापुरात शिरोलीला किंवा उद्यमनगरात ओतकामाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. इंडक्शन भट्टीत विजेच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे उष्णता धातूतच तयार होते आणि भंगार भराभर वितळते; पण तोच रस साच्यात ओतल्यावर त्याची उष्णता वाळूतूनच बाहेर पडते, आणि कास्टिंगचा जाड भाग सर्वांत शेवटी थिजतो. तिथे लवकर थंडावा हवा असेल तर साच्यात ‘चिल’, म्हणजे उष्णता शोषणारे धातूचे तुकडे, बसवतात, कारण उष्णता बाहेर ओढून नेणारे काहीतरी बाहेरून लावण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

मायक्रोवेव्ह ओव्हनमधील मॅग्नेट्रॉन २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, म्हणजे विद्युत क्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा आवर्तन पूर्ण करते. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असल्यामुळे तो या क्षेत्राबरोबर वळू पाहतो, शेजारच्या रेणूंशी झटापट होते आणि त्या धडपडीची उष्णता होते. पदार्थात मीठ विरघळलेले असेल, तर त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कणही, पुढे-मागे हलून उष्णतेत भर घालतात. ही वारंवारता पाण्याच्या रेणूच्या ‘खास’ कंपनाशी जुळवलेली असते, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते चूक आहे. पदार्थ आतून बाहेर शिजतो, हेही तितकेच चूक. ओलसर पदार्थात या लहरी साधारण एक ते तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच प्रभावीपणे पोहोचतात, आणि त्यापुढचा गाभा नेहमीच्या उष्णतावहनानेच तापतो. तरीही तेवढ्या जाडीत उष्णता एकदम निर्माण होते, हा मोठा फायदा आहे. रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये रडारसाठी वापरल्या जाणाऱ्या मॅग्नेट्रॉनचा हा उपयोग हेरला आणि १९४७ मध्ये पहिला व्यापारी ओव्हन बाजारात आला.

गोठवण्याचा हिशेब मुळातच जड आहे. एक किलो पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ७५ अंशांवर न्यायला सुमारे २१० किलोज्यूल उष्णता लागते. ८०० वॅट पदार्थात उतरत असतील तर हे काम साडेचार मिनिटांत होते. तेच पाणी २५ अंशांवरून उणे १८ अंशांवर आणायचे असेल तर सुमारे ४७५ किलोज्यूल काढावे लागतात, आणि त्यांतील ३३४ किलोज्यूल केवळ शून्य अंशावरील पाण्याचा शून्य अंशावरील बर्फ करण्यात जातात. एवढी उष्णता पदार्थाच्या पृष्ठभागातून फ्रीजरच्या जवळजवळ स्थिर हवेत जायची आणि हवा तर उष्णतेची मंद वाहक. आतल्या भागाची अडचण आणखी वेगळी आहे. जर्मन अभियंता रुडॉल्फ प्लांक यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार, पृष्ठभाग कितीही जोमाने थंड केला तरी आतून उष्णता यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट केली की तो वेळ चौपट होतो, आणि हा नियम कोणत्याही महागड्या यंत्राला चुकवता येत नाही.

म्हणून झटपट गोठवण्याच्या सगळ्या पद्धती दोनच गोष्टी करतात: पृष्ठभागाकडून उष्णता वेगाने ओढतात आणि पदार्थ पातळ किंवा बारीक ठेवतात. ब्लास्ट फ्रीजरमध्ये उणे ३० ते उणे ४० अंशांची हवा पंख्यांनी जोरात फिरवली जाते. मटार किंवा मक्याचे दाणे थंड हवेच्या झोतावर उधळून सुटे-सुटे गोठवतात, त्यामुळे पिशवीत त्यांचा गोळा होत नाही. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो आणि त्या उकळण्यात पदार्थाची उष्णता घेतो. हा वेग मोठा, पण खर्चही मोठा, कारण वापरलेला नायट्रोजन हवेत निघून जातो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर बर्फाच्या स्फटिकांत आहे. मटणात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते आणि त्यातील बरेचसे उणे एक ते उणे पाच अंशांच्या टप्प्यात गोठते. हा टप्पा रेंगाळत पार झाला तर स्फटिक थोडे आणि मोठे बनतात, पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, आणि मटण वितळताना ताटलीत लालसर पाणी सुटते. तोच टप्पा झपाट्याने ओलांडला तर स्फटिक असंख्य आणि बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाने आजच्या कॅनडातील लॅब्रॅडॉरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणार्धात गोठलेली मासळी नंतरही ताजी लागते हे पाहिले, आणि पुढे थंडगार धातूच्या पाट्यांमध्ये खोके दाबून गोठवण्याचे यंत्र तयार केले. १९३० मध्ये त्यांचा गोठवलेला माल मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या दुकानांत विकायला आला.

लहरींचा मारा करून वस्तू थंड करणे अगदीच अशक्य नाही. लेझरने अणूंचा वेग कमी करून त्यांना अतिशय थंड करण्याच्या कामासाठी १९९७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल दिले गेले. परंतु ती करामत निर्वात पोकळीतल्या विरळ वायूच्या अणूंवर चालते, पातेल्यातल्या रश्श्यावर नाही.

दोन्ही क्रिया समोरासमोर येतात त्या वितळवताना. बर्फातील रेणू जागेवर जखडलेले असल्यामुळे शुद्ध बर्फ या लहरी द्रव पाण्याच्या तुलनेत हजारो पटींनी कमी शोषतो. त्यामुळे गोठलेल्या पदार्थाचा जो कोपरा आधी वितळतो, तोच लहरी अधिक शोषून आणखी तापतो, आणि एकीकडे कडा शिजत असताना मधला भाग दगडासारखा राहतो. ओव्हनमधील ‘डिफ्रॉस्ट’ सोय लहरी थांबून थांबून सोडते ती याचसाठी, म्हणजे मधल्या विश्रांतीत उष्णता पसरावी.

पुण्या-मुंबईच्या घरी रस्सा पाठवणाऱ्यांनी डबा भरण्याऐवजी जाड पिशवीत रस्सा ओतून ती आडवी, चपटी ठेवली तर घरच्या फ्रीजरमध्येही तो बराच लवकर गोठतो आणि नंतर मायक्रोवेव्हमध्येही समान वितळतो. पिशवी काठोकाठ मात्र भरू नये, कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते. पांढऱ्या रश्श्याची गोष्ट वेगळी आहे: त्यातील नारळाचे दूध गोठले की वितळताना फुटते, तेव्हा अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणीच, गोठवावी आणि नारळाचे दूध तिकडे पोहोचल्यावर घालावे.